अडगळ आणि आपुलकी

आमच्या जुन्या वाड्यांत जिन्याच्या डाव्या हाताला एक लांबट खोली आहे. तिला घरांतलीं मुलें अद्यापि ‘आत्याबाईंची खोली’ असेंच म्हणतात. आत्याबाई म्हणजे आमच्या तीर्थरूपांची धाकटी बहीण. ऐन पंचविशींत त्यांचें सौभाग्य गेलें. परंतु त्या खचल्या नाहींत. पुढें शिकल्या, एका कन्याशाळेंत तीस वर्षें गणित शिकविलें, आणि इ. स. १९८८ मध्यें निवृत्त झाल्यावर माहेरच्या घरीं येऊन राहिल्या. आमच्या घरांतील निम्म्या मुलांचे पाढे त्यांच्याच धाकानें पाठ झाले. अशा नेटक्या, हिशेबी बाईच्या खोलींत हळूहळू काय सांचत चाललें आहे, इकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं.

प्रथम वर्तमानपत्रें. मग धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या. मग लग्नपत्रिका, जुनीं पंचांगें, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, पुड्यांचे सोडविलेले दोरे, ज्यांचे डबे केव्हांच मोडींत गेले अशीं झांकणें, आणि शाळेंतल्या मुलींच्या वीस-वीस वर्षांपूर्वींच्या वह्यांचे गठ्ठे. खाट भरली तेव्हां आत्याबाई जमिनीवर निजूं लागल्या. जमीन भरली तेव्हां उंबऱ्याशीं तेवढी जागा उरली, तेथें भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लावूं लागल्या. खिडकी तर त्यापूर्वींच झांकून गेली होती.

इ. स. १९९८ च्या हिवाळ्यांत त्या आठ दिवस गाणगापुरास गेल्या, आणि आम्हीं सर्वांनीं, भाऊ, भावजया व मुलें मिळून, ती खोली रिकामी केली. हातगाडीच्या चार खेपा झाल्या. भिंतींना रंग दिला, खाटेवर नवी चादर घातली, खिडकींत तुळशीची कुंडी ठेवली. आपण मोठें सत्कृत्य केलें अशा आनंदांत सारें घर त्यांची वाट पाहत होतें. आत्याबाई आल्या, दारांत उभ्या राहिल्या. रडल्या नाहींत, रागावल्याही नाहींत. “कुणी एकानं तरी मला विचारायचं होतं रे,” एवढेंच म्हणाल्या. त्या रात्रीं त्या जेवल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं दाराला कुलूप आणलें व किल्ली कमरेला लावली. दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंत ती खोली पूर्वींपेक्षां अधिक भरली. आतां मात्र आंत पाऊल घालण्याची सोय कोणालाच उरली नव्हती.

त्या वेळीं आम्हांला हा नुसता हेका वाटला. म्हातारपणाचा चिकटपणा, असेंही कोणी म्हणालें. हा एक ओळखलेला, नांव दिलेला विकार आहे, आणि त्यावर आम्हीं योजलेला उपाय हाच सर्वांत प्रचलित व सर्वांत निरुपयोगी आहे, हें आम्हांला फार उशिरां कळलें. तें वाचकांपुढें मांडावें म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. टंचाईच्या दिवसांत धान्य दडवून भाव चढविणारा जो सांठेबाज, त्याचा या विषयाशीं कांहीं संबंध नाहीं. तसेंच, वस्तु जपून वापरणें हा आपल्या घरांतला जुना सद्गुण आहे. ज्या माळ्यावर आजीचें घंगाळ आणि पणजीचा पाळणा आहे तो माळा रोगट नव्हे. नाणीं किंवा टपालाचीं तिकिटें जमविणारा गृहस्थ आपला संग्रह ओळीनें लावतो, आल्यागेल्याला कौतुकानें दाखवितो. ज्या विकाराविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांत वस्तूची खरी किंमत कांहीं असो वा नसो, ती हातावेगळी करणें मनुष्याला असह्य होतें. वस्तूंचा ढीग वाढून चुलीवर स्वयंपाक करतां येत नाहीं, खाटेवर निजतां येत नाहीं. आणि हें दाखविण्याऐवजीं तो दार लावून घेतो. पाश्चात्य वैद्यक याला ‘होर्डिंग डिसॉर्डर’ म्हणतें. आपण संचयविकार म्हणूं.

गंमत अशी कीं, इतक्या सर्वत्र आढळणाऱ्या विकाराकडे शास्त्राचें लक्ष अगदीं अलीकडे गेलें. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील नॉर्थॅम्प्टन गांवीं स्मिथ कॉलेज नांवाचें स्त्रियांचें महाविद्यालय आहे. तेथील मानसशास्त्राचे अध्यापक रँडी फ्रॉस्ट यांच्या एका विद्यार्थिनीनें हा विषय अभ्यासाला घेण्याचें मनांत आणलें. असे लोक मिळणार कोठून, अशी गुरुजींना शंका. परंतु स्थानिक वर्तमानपत्रांत लहानशी जाहिरात देतांच शंभरांवर लोकांनीं आपण होऊन टेलिफोन केला! त्या अभ्यासाचा निबंध १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें वीस वर्षांनीं, २०१३ मध्यें, अमेरिकन मनोरोगतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथांत या विकाराला स्वतंत्र स्थान मिळालें, आणि २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलेल्या रोगवर्गीकरणांतही तो आला. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा कीं, शेंकडा सुमारें अडीच माणसांना हा विकार असतो. आरंभ बहुधा कुमारवयांत होतो आणि वयाबरोबर तो बळावत जातो; एखाद्या वियोगानंतर तो विशेष जोर धरतो असेंही पुष्कळदां दिसतें.

२०१३ च्या त्या ग्रंथांत एक छोटें वाक्य आहे, त्यावर आम्ही बराच वेळ थांबलों. त्याचा आशय असा: घर जर नीटनेटकें दिसत असेल, आणि तें केवळ घरच्या माणसांनीं, झाडलोट करणाऱ्यांनीं किंवा सरकारी अधिकाऱ्यांनीं आवरल्यामुळें तसें असेल, तर विकार नाहीं असें समजूं नये. एकत्र कुटुंबाला हें किती तंतोतंत लागू पडतें! आपल्याकडे सुना रोज केर काढतात, दिवाळीला माळे उतरवितात, आणि ज्याला विकार आहे त्याची एकच खोली, एकच कपाट, एकच ट्रंक कुलपांत राहते. घराच्या दिवाणखान्यांत पाहुण्याला कांहीं दिसत नाहीं. म्हणून आपल्यांत हा रोग नाहीं, ही समजूत आम्ही तरी सोडून दिली आहे.

समाजानें अशा माणसांशीं पूर्वीं कसें वर्तन केलें याचें उदाहरण न्यूयॉर्कमधील कॉलियर बंधूंचें. होमर आणि लँगली हे दोघे भाऊ एका सुखवस्तु डॉक्टराचे मुलगे. थोरला वकील, धाकटा पियानो वाजविण्यांत निपुण. हार्लेम भागांत फिफ्थ ॲव्हेन्यूवरील चौमजली घरांत दोघेच राहत. थोरल्याची दृष्टि गेली, पुढें संधिवातानें तो जागचा हलेना. धाकटा त्याची शुश्रूषा करी, रात्रीं बाहेर पडून पाणी व अन्न आणी, आणि भावाला पुन्हां दिसूं लागेल तेव्हां वाचतां यावीं म्हणून वर्षानुवर्षांचीं वर्तमानपत्रें रचून ठेवी. रस्त्यावरचीं पोरें खिडक्यांवर दगड मारीत, शेजारी नाना कंड्या पिकवीत, आणि चोरांच्या भयानें लँगलीनें कागदांच्या ढिगांतून भुयारें करून त्यांत सांपळे लाविले. २१ मार्च १९४७ रोजीं, म्हणजे आपला देश स्वतंत्र होण्याच्या पांच महिने आधीं, पोलिसांना कोणी टेलिफोन केला. वरच्या खिडकीनें आंत शिरल्यावर होमर मेलेला आढळला. लँगली पळून गेला असा सर्वांचा समज. दूरच्या गांवीं त्याचा शोध चालला. तो ८ एप्रिलला सांपडला, भावापासून अवघ्या दहा फुटांवर. भावाला जेवण नेतांना आपलाच सांपळा अंगावर कोसळून तो गाडला गेला होता, आणि अन्नावांचून मागाहून आंधळा भाऊ गेला. त्या घरांतून शंभर टनांहून कितीतरी अधिक सामान निघालें. त्यांत चौदा पियानो होते. तें पाहण्यास रस्त्यावर हजारोंची गर्दी लोटली. ते जिवंत असतां त्यांची विचारपूस करावयास त्या गर्दींतील किती जण दाराशीं गेले असतील, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. आजही न्यूयॉर्कचे अग्निशामक शिपाई अशा भरलेल्या घराला ‘कॉलियरचा वाडा’ म्हणतात.

आतां प्रश्न असा कीं, अशा मनुष्याला ‘एवढें टाकून कां देत नाहींस?’ असें विचारून कां उपयोग होत नाहीं. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यावर प्रकाश टाकतो. विकार असलेल्या लोकांना त्यांचेच कांहीं कागद दाखवून ‘ठेवावयाचा कीं फाडावयाचा?’ असें विचारलें आणि त्या वेळीं त्यांच्या मेंदूचें चित्रण केलें. मग दुसऱ्या कोणाचे कागद दाखवून तोच प्रश्न केला. परक्याच्या कागदाविषयीं ठरवितांना मेंदूचे विशिष्ट भाग इतरांपेक्षां मंदच राहिले. परंतु स्वतःचा कागद पुढें येतांच तेच भाग अतोनात खवळले. याचा अर्थ इतकाच कीं, आपल्याला जें क्षुल्लक वाटतें तेंच त्या माणसाला फार जड जाणाऱ्या निर्णयाचें काम असतें. दिवसांतून असे पन्नास निर्णय करावयाचे म्हणजे काय, याची कल्पना सुज्ञ वाचकांनींच करावी. त्यांत भर म्हणजे वस्तु नजरेआड झाली तर तिच्याबरोबर तिची आठवणही जाईल, ही भीति. आणि ‘उद्यां कोणाच्या तरी उपयोगीं पडेल’ ही जबाबदारीची भावना. आत्याबाईंच्या झांकणांचें कोडें आम्हांला येथें सुटलें. त्या कृपण नव्हत्या. मुलांच्या हातावर खाऊला पैसे ठेवतांना त्यांनीं कधीं हात आंखडला नाहीं.

हीच गोष्ट बळजबरीच्या सफाईची. अमेरिकेंतील एका लहान गांवच्या आरोग्यखात्यानें सोळा हजार डॉलर, म्हणजे आपल्या वर्षाच्या तरतुदीचा बहुतेक भाग, एकच घर रिकामें करण्यांत खर्च केला. अठरा महिन्यांनीं घर पुन्हां पूर्वींसारखें! आमच्या हातगाडीच्या चार खेपांची आठवण येऊन आम्हांला हें वाचतांना हंसूं आलें, आणि लाजही वाटली. सामान गेलें तरी सांचविणारें मन जागच्या जागींच राहतें. शिवाय ज्यांच्यावर विश्वास ठेवावा तींच माणसें पाठीमागें घर लुटतात, एवढा धडा त्याला मिळतो.

मग करावें काय? याचें उत्तर आम्हांला सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या हकीकतींत सांपडलें. तेथें एक समिति नेमून या प्रश्नाचा तपास केला गेला व २००९ सालीं तिचा अहवाल निघाला. शहरांत बारा ते पंचवीस हजार माणसें या विकारानें ग्रासलेलीं असावींत, आणि घरमालक व सेवासंस्था यांना त्यापायीं वर्षाला चौसष्ट लक्ष डॉलरांवर खर्च येत असावा, असा तिचा अंदाज होता. परंतु आम्हांला महत्त्वाचें वाटलें तें त्या शहरांत रुजलेलें समदुःखी मंडळींचें काम. ज्यांनीं स्वतः हा त्रास भोगला आहे अशीं माणसें थोडें शिक्षण घेऊन दुसऱ्या पीडितांचे गट चालवितात, बोलावणें आलें तर घरीं जातात, ढिगांमध्यें जागा करून बसतात. तोंड वेंगाडीत नाहींत. कारण त्यांचेंही घर असेंच होतें.

या गटांचा आधार म्हणजे टोलिन, फ्रॉस्ट व स्टेकेटी या तिघांचें २००७ सालचें ‘बरीड इन ट्रेझर्स’ हें पुस्तक. खजिन्याखालीं गाडलेले, असा नांवाचा अर्थ. दहा-बारा माणसें आठवड्यांतून एकदां जमतात, एक प्रकरण वाचून येतात, आणि घरीं केलेल्या अभ्यासाचा हिशेब एकमेकांना देतात. अभ्यास मोठे मार्मिक आहेत. एखादी वस्तु टाकण्यापूर्वीं, ‘हिच्यावांचून मला किती दुःख होईल?’ याला शंभरांपैकीं गुण द्यावयाचे, वस्तु खरोखर टाकावयाची, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां गुण द्यावयाचे. योजलेलें दुःख व झालेलें दुःख यांत बहुधा पुष्कळ अंतर पडतें, आणि तें स्वतःच्याच आंकड्यांनीं दिसतें! दुसरा अभ्यास न आणण्याचा. ज्या दुकानाचा मोह पडतो त्याच्यावरून प्रथम नुसतें जावयाचें. मग दाराशीं उभें राहावयाचें. मग आंत जाऊन वस्तु हातांत घेऊन रिकाम्या हातीं परत यावयाचें. आमच्या गणिती आत्याबाईंना ही गुणांची रीत फार पटली असती असें आम्हांला वाटलें, आणि पुढें तसें झालेंही. तें खालीं येईल.

वैद्य नसलेल्यांच्या हातून असलें काम होईल काय, ही शंका साहजिक आहे. कॅलिफोर्नियांत ३२३ रोग्यांना दोन वाटण्यांत घालून तिची परीक्षा झाली. कांहींना मानसशास्त्रज्ञांनीं चालविलेल्या वर्गांत घातलें, कांहींना समदुःखी मार्गदर्शकांच्या गटांत. दोन्हीकडे पंधरा-सोळा आठवडे. २०१८ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोघांनाही सारखाच गुण आला होता. पूर्ण बरे झाले असें मात्र कोणी समजूं नये. पुष्कळांच्या घरीं ढीग कमी झाले तरी उरलेच. हा विकार मधुमेहासारखा सांभाळीत राहावा लागतो. आपल्याकडे ही कल्पना अगदीं नवी नाहीं: पुण्यांत १९८६ सालीं सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्रांत, व्यसनांतून सुटलेलीं माणसेंच नव्यांचा हात धरतात, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. दारूच्या बाबतींत जें आपल्याला पटलें तें अडगळीच्या बाबतींत पटण्यास अडचण नसावी.

मात्र सर्वच वाट पाहून चालत नाहीं. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न शहराच्या अग्निशामक दलानें १९९९ ते २००९ या दहा वर्षांचा हिशेब केला. घरांना लागलेल्या आगींपैकीं अशा भरलेल्या घरांतल्या आगी हजारांत अवघ्या दोन-तीन; परंतु टाळतां येण्याजोग्या मृत्यूंपैकीं जवळजवळ एक चतुर्थांश याच घरांत झालेले. पळावयास वाटच नसते. तेव्हां घरच्यांनीं आग्रह धरावा तो एवढ्यापुरताच: दारापासून खाटेपर्यंत व खाटेपासून मोरीपर्यंत वाट मोकळी, शेगडी व विजेच्या तारा यांच्याजवळ कागद नाहीं, आणि डोक्याच्या वर ढीग नाहीं. ‘हें टाका’ म्हणण्यापेक्षां ‘आपण पडूं नये म्हणून हें थोडें सरकवूं या’ हें माणसाला पुष्कळ सोसतें. मन फारच खिन्न किंवा भयग्रस्त असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे नेलेंच पाहिजे. भारत सरकारची १४४१६ क्रमांकाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा २०२२ सालापासून आहे, तिच्यावर मराठींतही बोलतां येतें.

आमच्या घरीं या ज्ञानाचा उपयोग झाला तो आमच्या थोरल्या सूनबाईमुळें. २०१३ सालीं तिनें हें सारें वाचलें, आणि एके दिवशीं आत्याबाईंच्या दाराबाहेर पाट मांडून बसली. “आत्याबाई, मी कशाला हात लावणार नाहीं. तुम्हीं मागितलं तर देईन,” म्हणाली. चार गुरुवार दार उघडलें नाहीं. पांचव्या गुरुवारीं उघडलें. तेव्हां आत्याबाईंना त्र्याऐंशीवें चालू होतें.

परंतु खरें काम झालें तें शेजारच्या वाड्यांतल्या काकूंमुळें. त्यांच्या माळ्याचीही कथा थोडीफार हीच, आणि सूनबाईनें मोठ्या युक्तीनें दोघींची गांठ घालून दिली. एका गुरुवारीं इकडे, एका गुरुवारीं तिकडे. आपल्या झांकणाला हात लावूं न देणाऱ्या आत्याबाई काकूंच्या ट्रंकेपुढें बसल्या कीं परीक्षकासारख्या कठोर होत: “हा तुटका कंगवा कशाला ठेवलायत हो?” आणि काकू तितक्याच तत्परतेनें विचारीत, “आणि तुमच्या त्या झांकणांचं काय, त्यांचे डबे सासरीं गेलेत का?” मग दोघी डोळ्यांस पदर लावून हंसत. दुसऱ्याचा कागद सोपा असतो, हें त्या प्रयोगाचें तात्पर्य आम्हीं आमच्या ओसरीवर बसून पाहिलें. आत्याबाई एका जुन्या वहींत दुःखाचे गुण लिहीत. झांकणांना त्यांनीं प्रथम ऐंशी दिले. पंधरवड्यानंतर खाडाखोड करून पांच.

खोली रिकामी झाली नाहीं. वर्षभरांत उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत हातभर रुंदीची वाट झाली, खाटेचा अर्धा भाग मोकळा झाला, आणि एका सकाळीं ती खिडकी पंधरा वर्षांनीं उघडली. दुधाच्या पिशव्या शेवटपर्यंत होत्या. त्यांविषयीं कोणी कांहीं बोललें नाहीं. २०१७ सालीं आत्याबाई त्याच खाटेवर, आडव्या होऊन, शांतपणें गेल्या.

जाण्यापूर्वीं काहीं महिने, असाच एक गुरुवार होता. काकू गेल्या होत्या, दिवेलागण व्हायची होती, आणि आम्ही खिडकीशीं बसलों होतों. आत्याबाई सहज म्हणाल्या, “मुलींच्या वह्यांचा तो मोठा गठ्ठा होता ना, गाणगापूरच्या वेळचा. त्यांत मधोमध ह्यांचीं चार पत्रं होतीं. तेवढीच होतीं.” स्वरांत कसलाही ठपका नव्हता, एखादी बेरीज सांगावी तसें त्या बोलल्या, आणि पुढच्या डब्याकडे वळल्या.

त्या गठ्ठ्याला दोरी आमच्याच हातांनीं बांधली होती.